खुरप्याची मूठ

रहिमतपूरच्या बाजारात मी बायकोच्या विळ्याला धार लावून घ्यायला लोहाराच्या भट्टीपुढे बसलो होतो. माझ्या आधी एक म्हातारा होता. पाठ ताठ, मिशा कातरलेल्या, पायात फौजी बूट आणि मांडीवर एक जुनं खुरपं. माझ्याकडे न बघताच तो बोलायला लागला.

"आमच्या मालकिणीचं हाय. दिवाळीला गेली ती. डावरी हुती. सून म्हणती, हातात बसत न्हाई, मूठ बदलून आणा."

मुठीवर अंगठ्याच्या जागी लाकूड झिजून खळगा पडला होता. त्यात तो स्वतःचा अंगठा घालून बघायचा. जाड अंगठा मावत नव्हता, तरी पुन्हा घालायचा.

"उमर सगळी फौजेत गेली. तिचा हात असा निवांत कवा धरलाच न्हाई."

त्याचा नंबर आला. लोहाराने दोन ठोक्यांत मूठ काढली आणि सवयीने भट्टीत भिरकावली. म्हाताऱ्याचा हात पुढे झाला, तोवर तिने पेट घेतला होता. वाळकं लाकूड ते, कितीसा वेळ लागणार!

"आवं बाबा, पायजे हुती तर आदी सांगायचं न्हाई व्हय?" लोहार ओशाळला.

"सांगायचं माजं ऱ्हाऊनच जातं गड्या. तिलाबी ऱ्हायलंच."

नवी मूठ बसेपर्यंत तो जाळाकडे बघत उभा राहिला. मग खुरपं डाव्या हातात धरून निघून गेला.

घरी येऊन मी विळा बायकोच्या हातात दिला. तिचा अंगठा बघितला. काहीतरी बोलायचं फार मनात होतं.

"च्या टाक," एवढंच म्हणालो.