आजोबांना भात वर्ज्य केला तेव्हा

प्रिय सानिका आणि तन्मय,

तुमच्या आजोबांना एकेकाळी तांदूळ वर्ज्य होता. एकूण एकोणीस दिवस. वर्ज्य करणारी मी होते.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे तुमचा रविवारचा फोन. तिकडे कुणी बाई हात दाबून कोणाला काय चालत नाही ते सांगते, आणि त्यावरून तुमच्या आईने घरातलं दही बंद केलं म्हणे. तुमच्या आईने? जिचं लग्न याच विद्येपायी मोडता मोडता राहिलं, तिने? मग सगळं क्रमाने सांगायलाच हवं.

मी तेव्हा सावली गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. चंद्रपूरला स्नायू-चाचणीचं तीन दिवसांचं शिबीर झालं, त्याला मी गेले. कृती सोपी. एका हातात पदार्थ धरायचा, दुसरा हात खांद्याच्या रेषेत पसरायचा, तपासणाऱ्याने तो मनगटापाशी दाबायचा. हात टिकला तर पदार्थ मानवतो. खाली आला तर वर्ज्य! माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. (इंग्रजीत छापलेलंही खोटं असू शकतं, हे मला फार उशिरा कळलं.)

घरी येताच मी वही आखली: नाव, पदार्थ, निकाल, शेरा. पहिले रुग्ण आजोबा. त्यांना जेवणानंतर ढेकर येत. (ते चार वेळा भात घेत, हे मी शेऱ्यात लिहिलं नाही.) त्यांच्या डाव्या मुठीत तांदूळ दिले आणि उजवा हात दाबला. धप्पकन खाली!

"अवं, तू तं लटकलीच माह्या हाताले!"

"मी दोनच बोटं लावली. तांदूळ वर्ज्य."

"मंग वावरातल्या बांधीतलं धान कोणाले खाऊ घालू? बैलाले?"

दुसऱ्या दिवसापासून ताटात ज्वारीची भाकर. आता आमच्या धानाच्या पट्ट्यात माणसाचा भात सुटला, की लोक त्याच्या पोरांना परगावाहून बोलावून घेतात. तिसऱ्या दिवशी शेजारीण आली, "काऊन जी बाई, भाऊले नागपूरले नाई नेलं?" आठव्या दिवशी मोसंब्या येऊ लागल्या. दहाव्या दिवशी एक दूरचे नातेवाईक ओसरीवर बसून डोळे पुसून गेले, आणि आजोबा समोर भाकर चावत त्यांच्याकडे बघत होते!

सावलीत तेव्हा मोबाइल नव्हते, पण बातमीचं त्यावाचून काही अडत नसे. तुमच्या आईचं तुमच्या बाबांशी ठरत आलं होतं, फक्त साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, बाकी. मार्कंड्याजवळच्या त्यांच्या गावी बातमी पोचली, की मुलीचा बाप शेवटच्या घटका मोजतोय, आणि दुखणं वंशातलं असेल. तुमची आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. एकोणिसाव्या दिवशी मुलाकडचे दोघे दारात हजर: तुमच्या बाबांची आई, म्हणजे तुमची कौसल्याआजी, आणि तिचे यजमान.

"इवाईबुवा, कोणता आजार हाय तुमाले?" तिने बसण्याआधीच व्याह्यांना विचारलं.

"आजार नाई," आजोबा म्हणाले, "बायको हाय!"

मी गप्प बसायला हवं होतं. मी वही आणली, चाचणी समजावली आणि म्हटलं, "तुमचीही करू का?"

"आई, नको!" आतून तुमची आई.

पण कौसल्याआजीने हात पसरलासुद्धा. जन्मभर धानाची रोवणी केलेला हात तो! तांदूळ देऊन दाबला, हलेना. साबण दिला, रॉकेलची बाटली दिली, शेवटी उंदराच्या औषधाची बंद पुडी. मी टाचा उचलून लोंबकळले.

"दाबा ना बाई, लाजता काऊन?"

मी नाइलाजाने लिहिलं: उंदराचं औषध, मानवतं.

"आता माह्या पद्धतीनं," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि तीन सारखे डबे झाकण लावून घेऊन आली. "आत काय हाय ते मले एकलीलेच मालूम. दाबा इवाईले."

मी दाबलं. पहिल्या डब्याला आजोबांचा हात पडला. दुसऱ्याला टिकला. तिसऱ्याला पडला. तिने झाकणं उघडली. तिसऱ्यात ज्वारी. दुसऱ्यात तांदूळ! आणि पहिला डबा रिकामा.

"रिकामा डबा सोसत नाई म्हंते तुमची विद्या," कौसल्याआजी म्हणाली. "हे मातर खरं हाय. आमालेबी नाई सोसत."

हातात तांदूळ आहेत हे ठाऊक असलं की माझीच बोटं जास्त जोर करत होती, आणि मला पत्ता नव्हता! मी खाली मान घातली, तर तिने एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली, माझा दुसरा हात पसरला आणि त्यावर एकच बोट टेकवलं. हात धप्पकन खाली.

पिशवीत माझी वही होती.

सगळं घर हसलं. सर्वांत मोठ्याने तुमची आई. त्याच दुपारी भात शिजला, आजोबांनी पाच वेळा घेतला, ओसरीवर माणसं ते बघायला जमली, आणि त्याच पंगतीत साक्षगंधाचा दिवस ठरला! कौसल्याआजीची अट एकच, "लगनात भात मी वाढीन. बाईले कोणाच्या हाताजवळ जाऊ देऊ नका."

तेव्हा आईला सांगा, त्या बाईला न सांगता दही बंद डब्यात घाल आणि पुन्हा तपासून घे.

वही अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यातली शेवटची नोंद, नाव: मी. पदार्थ: ही वही. निकाल: वर्ज्य. माझ्या हातून झालेला अचूक निकाल तो एवढा एकच, आणि तोही कौसल्याआजीने लावला. आजोबा दोन्ही वेळ भात जेवतात.