डॉक्टरांची बरणी

समस्त मुलुंडकरांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे डॉक्टर गेले. शोकसभा नको, हारही नकोत. ते गुहागरला गेले. दवाखाना विकला, अर्धी चड्डी चढवली आणि आंब्याच्या कलमांना पाणी घालायला लागले. इकडे माझ्या बोटांचं काय होणार, हा प्रश्न त्या गृहस्थांना पडला नाही.

मला संधिवात आहे. म्हातारपणाचा नव्हे, चाळिशीत पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. सकाळी बोटं अशी आखडतात की ब्लाउजचे हूक लावायला नवऱ्याला हाक मारावी लागते. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याची काय धांदल उडाली असती! आता आतून आवाज येतो, "थांब गं, दूध उतू जातंय."

तर हे डॉक्टर. त्यांच्या टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांची काचेची बरणी असायची. समोर बसलं की म्हणायचे, "घ्या गोळी." मी झाकण फिरवायचे. ते माझ्या मुलीच्या लग्नाची चौकशी करायचे, पण नजर माझ्या मनगटावर. झाकण झरकन फिरलं, की अंगठा मधेच अडला, की मी हळूच पदर गुंडाळून फिरवलं, यावर त्यांचं निदान ठरायचं. रक्ताचे रिपोर्ट ते नंतर बघायचे, तेही उपकार केल्यासारखे. दवाखाना बंद करताना त्यांनी ती बरणी मला दिली. मी डोळ्याला रुमाल लावणार तोच म्हणाले, "रडू नका. आधी उघडून दाखवा."

मग घाटकोपरच्या डॉक्टरीणबाई झाल्या. कमी बोलायच्या, पण एकेक बोट दाबून बघायच्या. माझा त्यांच्यावर जीव जडला आणि त्या वांद्र्याच्या बड्या हॉस्पिटलात गेल्या. तिथली अपॉइंटमेंट ॲपवर घ्यायची आणि तारीख येईपर्यंत आजाराला दम धर म्हणायचं! शेजारीण म्हणाली, "तुझा जीव जडला की डॉक्टर पळतो. माझ्या डेंटिस्टकडे फिरकू नकोस हं, माझी कवळी अर्धी व्हायचीय."

शेवटी नाहूरची एक तरुण डॉक्टर मिळाली. गोड पोरगी. पहिल्याच वाक्यात मला 'काकू' केलं, तेवढा एक गुन्हा सोडला तर वागायला चांगली. पण ती माझ्याकडे बघायचीच नाही, स्क्रीनकडे बघायची.

"काकू, रिपोर्ट झकास आहेत! गोळी निम्मी करू या."

"अगं, पण सकाळी मूठ मिटत नाही माझी."

"रिपोर्टमध्ये तर काहीच नाहीये ना."

मागे एकदा अशीच गोळी कमी झाली होती, तेव्हा अख्खा उन्हाळा मला चमचा धरता आला नव्हता. नवरा भात भरवायचा, पण क्रिकेट बघता बघता. निम्मा भात तोंडात, निम्मा कानात. पुन्हा तो उन्हाळा नको होता. मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात ठरवू." आणि घरी येऊन जाहीर केलं की पुढच्या खेपेला साक्षीदार नेणार. माळ्यावरून बरणी खाली आली. लिमलेटच्या गोळ्या भरायचं काम नवऱ्याने आपणहून घेतलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

ठरल्या दिवशी नवराही सोबत आला. मी बरणी तिच्या टेबलावर ठेवली. "बघ आता," म्हटलं आणि झाकणाला हात घातला. झाकण हलेना. पदर गुंडाळला, तरी हलेना. इतकं तर कधीच झालं नव्हतं. मी खरंच घाबरले.

"द्या इकडे," डॉक्टर म्हणाली. तिने फिरवलं. मग उभी राहून फिरवलं. मग बरणी पोटाशी धरून, दातओठ खात फिरवलं. स्टेथोस्कोप खाली पडला, झाकण होतं तिथेच. बाहेरचे पेशंट दारातून डोकावायला लागले. माझा पुरावा गेला! धडधाकट पोरीलाही जे उघडत नाही, ते माझ्या दुखण्याची साक्ष काय देणार?

ती हसत सुटली. हसता हसता बरणी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच माझे दोन्ही हात हातात घेतले. एकेक बोट दाबत गेली. उजव्या मधल्या बोटाशी मी "आई गं!" म्हणून ओरडले. तिचं हसू थांबलं. तिने ते बोट पुन्हा हळूच चाचपलं, शेजारचंही.

"काकू, सूज आहे इथे. रिपोर्ट काही का म्हणेना, गोळी कमी नाही करायची." मग बरणीकडे बोट दाखवून म्हणाली, "पण हे झाकण लावलं कुणी?"

मी मागे वळले. नवरा भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता फार लक्ष देऊन वाचत होता. कानापर्यंत लाल झाला होता.

"मीच आवळलं पान्याने!" तो एकदम ओरडला. "हिचं कुणी ऐकतच नव्हतं ना!"