झाकण उघडणाऱ्या बाई

"पुस्तक मिटा, झाकण उघडा."

बाईंचा तास असा सुरू व्हायचा. तास हा शब्द आमचा. कॉलेजच्या कागदावर बाई प्रयोगशाळा सहायक होत्या. मी शिकवायचं आणि त्यांनी यंत्रं पुसायची, अशी वाटणी होती. ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोडली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणच्या बाहेर, भातखाचरांना लागून आमचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं. तिथे बायोमेडिकल नावाचा नवा विभाग निघाला. डॉक्टरांची यंत्रं कशी चालतात, बिघडली तर दुरुस्त कशी करायची, ते शिकवणारा. मी नवा प्राध्यापक, रोह्याहून रोज एसटीने येणारा. "म्हणजे तू सुई टोचणार का?" असं माझी आई शेवटपर्यंत विचारत राहिली.

विभाग म्हणजे दोन खोल्या आणि हृदयाचा आलेख काढणारं एक जुनं ईसीजी यंत्र. कुठल्याशा इस्पितळाने टाकून देण्याऐवजी दान केलेलं. प्राचार्यांनी ते काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवलं. पाहुणे आले की दाखवायचं.

बाईंनी ते बाहेर काढलं. बाकावर ठेवलं, प्लग काढला, आतली साठलेली वीज कशी उतरवायची ते दाखवलं आणि पेचकस एका मुलीच्या हातात दिला.

"हात लाव गो. चावत नाय."

बाई हमरापूरच्या, गणपती घडवणाऱ्या घरातल्या. आयटीआयला रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकलेल्या. त्यांच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या, म्हणे. हृदयाचा नमुना विकत घ्यायची मी केलेली मागणी दोनदा परत आली, तेव्हा बाईंनी घरच्या प्लास्टरमध्ये हृदय ओतून आणलं. चार तुकड्यांत सुटणारं, झडपांसकट. रंग मात्र गणपतीच्या पितांबराचा. "पिवळाच उरला होता," त्या म्हणाल्या. आमच्या मुलांनी पिवळ्या हृदयावर शरीरशास्त्र शिकलं आणि एकही त्यात नापास झाला नाही.

एकदा एका मुलाच्या हातून यंत्राचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला. प्राचार्यांनी त्याचं नाव मागितलं.

"माझं लिवा," बाई म्हणाल्या.

"तुम्ही जाळलंत?"

"उघडायला मी सांगितलं ना? मग माझंच."

मेमो आला. बाईंनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पंधरा दिवसांत, मुलांना सोबत घेऊन, यंत्र पुन्हा चालू केलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याबरोबर काम करताना आपली छाती फुगते, आणि वेळ आली की आपणच त्यांच्यापासून दोन पावलं लांब उभे राहतो. माझी ती वेळ विद्यापीठाची समिती आली तेव्हा आली.

तपासणीच्या आदल्या दिवशी टेम्पोतून चार कोरी यंत्रं उतरली. प्राचार्यांनी एका विक्रेत्याकडून दिवसभरापुरती मागवली होती. प्रत्येकावर आमच्या विभागाचं नाव चिकटवायचं होतं. ते मी चिकटवलं. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"सर, ही उद्या सांजच्याला जाणार ना?"

"व्हय," मी म्हणालो. एरवी मी कॉलेजात व्हय म्हणत नसे.

"मग पोरांनी परवा काय उघडायचं?"

मी शेवटची चिठ्ठी अंगठ्याने दाबून बसवली.

दुसऱ्या दिवशी समितीचे तिघे जण आत आले. मी पहिल्या यंत्राची माहिती सांगू लागलो. एक वयस्क सभासद वाकून काहीतरी वाचत होते. मीही वाकलो. माझ्या चिठ्ठीखाली बाईंच्या गोल अक्षरातली दुसरी चिठ्ठी होती: "उसनं आणलंय. संध्याकाळी परत जाईल." चारही यंत्रांवर.

प्राचार्यांचा चेहरा मी पाहिला नाही. हिंमत नव्हती. ते सभासद शांतपणे म्हणाले, "मग तुमचं स्वतःचं काय आहे?"

"हाय ना," बाई मागून म्हणाल्या. त्यांनी जुनं यंत्र पुढे ओढलं. एका मुलीने त्या सभासदांच्याच हातापायाला पट्ट्या लावल्या आणि आलेख काढला. मग न सांगता तिने झाकण उघडलं आणि कुठला भाग काय करतो, ते एकेक करून सांगितलं. ते सभासद अर्धा तास हललेच नाहीत.

अहवाल आला. मुलं चांगली तयार आहेत, पण वर्षभरात स्वतःची यंत्रं घेतली नाहीत तर नवे प्रवेश बंद. कॉलेजला यंत्रं घ्यावीच लागली. आणि बाईंना निलंबनाचं पत्र गेलं.

माफीनामा दिला तर परत घेऊ, असा निरोप घेऊन प्राचार्यांनी मलाच हमरापूरला पाठवलं. मजकूर टाइप केलेला होता, फक्त सही हवी होती. बाई ओसरीवर साच्याला तेल लावत बसल्या होत्या. हात पुसून त्यांनी कागद दोनदा वाचला. माझ्या खिशातलं पेन मागितलं. मला वाटलं, सुटलो.

त्यांनी 'दिलगीर'मधली चुकलेली वेलांटी दुरुस्त केली आणि कागद परत दिला.

"चिठ्ठीत खोटं काय होतं, ते आधी त्यांनी लिवून द्यावं. चहा घेणार ना, सर?"

मी चहा घेतला. तपासणीच्या आदल्या दिवशी त्या चिठ्ठ्या मी चिकटवल्या, त्याची माफी मलाच मागायची होती खरंतर. त्यांनी बोलूच दिलं नाही. "तुमच्या घरी आई हाय, नोकरी टिकवा," एवढंच म्हणाल्या. ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

बाई परत आल्या नाहीत. पेणपासून रोह्यापर्यंतच्या दवाखान्यांतली यंत्रं त्या दुरुस्त करू लागल्या, असं कानावर यायचं. मी एकदाच पाहिलं त्यांना. गडब गावाजवळ, हायवेवर. आमची एसटी खच्चून भरली होती आणि ड्रायव्हर थांबायच्या बेतात नव्हता. खांद्याला अवजारांची पिशवी लावलेल्या बाई हात दाखवत होत्या. गाडी थांबत नाही असं दिसताच त्या सरळ डांबरावर पुढे आल्या आणि उभ्या राहिल्या.

करकचून ब्रेक लागला. ड्रायव्हर ओरडला.

"बसायला जागा नको मला," वर चढत बाई म्हणाल्या. "पण थांबायचं तुम्ही."

मी मागच्या टोकाला होतो. हाक मारली, ती गर्दीत विरली. माणसं बाजूला करत मी पुढे पोहोचेपर्यंत नागोठणं आलं होतं आणि बाई उतरून, मागे न बघता, झपाझप चालू लागल्या होत्या.