उपासाचे सहा वार

माझी बायको गेल्या भाद्रपदात गेली. तेराव्याला जामबागेतल्या मराठी शाळेची तीन-चार माणसं आली होती. त्यातला एकजण म्हणाला, "बाईंनी शाळेसाठी फार केलं." मी विचारलं, "काय केलं?"  त्याला ठाऊक नव्हतं. दोष त्याचा नाही, तेव्हा तो जन्मलाही नसेल. पण मला राग आला. त्या वेळच्या मोठ्यांतला आता मी एकटाच उरलो, म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण चौथी जमात, तेही निजामाच्या काळातलं, उर्दूतून. मराठी लिहायला मला पुढे लेकीनं शिकवलं. चुकलं तर चुकलं.

हैदराबाद राज्य मोडलं त्या वर्षांतली गोष्ट. मराठवाडा मुंबईकडे गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि आम्ही हैदराबाद शहरातले मराठी इथंच राहिलो, आंध्रात. दफ्तरात नोकरी करणारे तबादला घेऊन औरंगाबादेला नाहीतर मुंबईला निघाले. रोज कुणाच्या तरी दारात टांगा उभा आणि वळकट्या बांधलेल्या. मी अफझलगंजात एका आडतीवर तोलारी होतो, धान्य तोलायचं काम. माझा तबादला कोण करणार? काटा जिथं, तिथं मी.

माणसं गेली तशी पोरंही गेली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात सात जण उरले होते. त्यात आमची लेक. वरून कागद आला की आठाच्या खाली पोरं असतील तर मराठी मॅट्रिकचा वर्ग बंद, पोरांनी तेलुगू नाहीतर उर्दू शाळेत जावं. लेक बाजारात तेलुगू बोलायची, पण त्यात इतिहास-भूगोल लिहिणं तिला जमणार नव्हतं. वर्ग बंद झाला की तिचं शिक्षण संपलं, हे घरात सगळ्यांना कळत होतं. एकदा बंद झालेला वर्ग पुन्हा उघडत नाही, हे शाळेत सगळ्यांना कळत होतं.

हेडमास्तरांनी आठवं पोर शोधून काढलं. परभणीकडच्या एका खेड्यातली मुलगी. बाप रेल्वेच्या रुळांवर गँगमन. नववीपर्यंत ती कशीबशी शिकली होती, पण परभणीत तिला ठेवून घ्यायला घर मिळेना, म्हणून बाप शाळा बंद करायला निघाला होता. हेडमास्तरांनी पालकांची सभा बोलावली आणि सरळ सांगितलं, "मुलगी हुशार आहे. घर गरीब आहे. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला. तिला राहायला जागा आणि जेवायला अन्न पाहिजे. कोण देतं?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मीही बघितलं. बायकांच्या बाजूनं आवाज आला, "राहायला आमच्याकडे."

आवाज माझ्याच घरचा होता. मला विचारलं नव्हतं. परत येताना चादरघाटच्या पुलावर मी म्हणालो, "दोन खोल्यांत कुठं झोपवणार तिला?"

"लेकीशेजारी," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर झोपा, नाहीतरी तुम्ही घोरता."

राहायची सोय झाल्यावर जेवणाचं सोपं झालं. आपल्याकडे गरीब विद्यार्थ्याला वार लावून देतात. आठवड्याचे सात दिवस सात घरांनी वाटून घ्यायचे, ज्याचा वार त्याच्या घरी त्या दिवसाचं जेवण. सभेत मघाशी गप्प असलेली माणसं आता पुढं सरसावली. एकानं सोमवार घेतला, महादेवाचा वार. एकानं मंगळवार, देवीचा. गुरुवार दत्तभक्तानं, शुक्रवार एका कापडवाल्यानं, रविवार खंडोबाच्या माणसानं. मी शनिवार घेतला, कारण मी मारुतीचा उपास करायचो. उपासाच्या दिवशी अन्नदान केलं की पुण्य जास्त, असं सगळेच म्हणत होते. बुधवारी कुणाचा उपास नव्हता म्हणून तो राहिला, तो हेडमास्तरांनी घेतला. फळ्यावर सात वार लिहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी आमच्या लोकांचा फार अभिमान वाटला होता.

मुलगी आली. बारकी, काळीसावळी, दोन वेण्या. मला काका म्हणायची, बायकोला मावशी. सकाळी आमच्या लेकीबरोबर मलकपेठेतून चालत निघायची, वाराच्या घरी जाऊन पुढे शाळा. शाळा सुटल्यावर परत वाराच्या घरी आणि अंधार पडायच्या आत आमच्याकडे. बायको विचारायची, "जेवलीस?" ती म्हणायची, "जेवले, मावशी." आणि पुस्तक उघडायची. आमची लेक तिच्याकडून गणित शिकायची. गणित म्हणजे आमच्या लेकीला ताप होता.

दोन-अडीच महिन्यांनी शाळेत प्रार्थना चालू असताना ती पडली. हेडमास्तरांनी तिला रिक्षात घालून घरी आणली. आमच्या गल्लीत एक हकीमसाहेब होते, त्यांना बोलावलं. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच चोर. म्हणाले, "मियाँ, इस बच्ची कू बीमारी नई है. भूक है."

बायकोनं तिला दूधभात भरवला. मग समोर बसवून विचारलं, "सोमवारच्या घरी काय देतात?"

"केळ आणि शेंगदाणे."

"मंगळवारी?"

"साबुदाणा. थोडा असतो."

"गुरुवारी?"

"रताळं. त्यांच्याकडे गुरुवारी चूल पेटत नाही, मावशी."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी त्यांचा उपास दिवे लागल्यावर सुटतो. मला त्याआधी इकडं निघायचं असतं."

असं सगळं आठवड्याचं निघालं. पोरगी सहा दिवस उपास करत होती. फक्त बुधवारी हेडमास्तरांकडे तिला भाकरी आणि डाळ मिळायची. आमच्याकडे शनिवारी रात्री पोटभर जेवायची, पण दिवसा आमच्याकडेही साबुदाणाच. सगळ्यात शेवटी ती हळूच म्हणाली, "आमच्या घरी उपास बंद केलेत. दादांनी, माझ्या वडलांनी, सांगितलं होतं, आता कुठल्या देवाचा उपास करायचा नाही."

बायकोला हसू आलं आणि ते तिथंच थांबलं. "मग मला रोज जेवले जेवले कामून सांगत होतीस?"

"मावशी, आठवी मी आहे. मी तक्रार केली आणि मला परत पाठवलं तर वर्ग जाईल. तुमच्या ताईचं शिक्षण पण जाईल."

पोरी शेजारच्या खोलीत गेल्यावर बायको माझ्याकडे वळली. "सहा घरांना एकदम उपासाचाच वार कसा सुचला?"

मी म्हणालो, "पुण्यासाठी. सगळ्यांसमोर बोललो ना आम्ही."

"फराळ ओट्यावर हातात देता येतो," ती म्हणाली. "भाकरी द्यायची तर पोरीला आत घ्यावं लागतं, पाट द्यावा लागतो, ताट द्यावं लागतं. कळलं का? पुण्य नव्हे ते."

तिनं दूधभाताचं भांडं खाली ठेवलं.

"आणि तुम्ही तिच्यासाठी बाजारातनं जर्मनची वेगळी थाळी आणली, ती कशाला?"

 ती ॲल्युमिनियमची थाळी मीच आणली होती. तिच्यासाठी नवी आणली असं मी स्वतःला सांगितलं होतं. त्या शनिवारी बायकोनं मला त्या थाळीत वाढलं. साबुदाणा नाही, भाकरी आणि वांग्याची भाजी. मुलीला माझं पितळेचं ताट दिलं. मी खाल्लं. तो माझा शेवटचा शनिवारचा उपास.

पण त्याआधी मुलीचा बाप येऊन उभा राहिला. हेडमास्तरांनी पत्र टाकलं होतं. उन्हात काम करून रापलेला माणूस, हातात पिशवी. तो ओट्यावरच बसला, आत या म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "मालक, लेकीला उपाशी ठेवून मला तिला शिकवायचं नाही. घेऊन जातो." त्याचं बरोबर होतं. आठ-दहा दिवसांनी शाळेचा तपासणी साहेब पोरं मोजायला यायचा होता. मुलगी गेली असती तर सातच.

बायको त्याच्यासमोर ओट्यावर जाऊन बसली. परक्या पुरुषासमोर अशी बसलेली मी तिला कधी बघितली नव्हती. म्हणाली, "दादा, चूक आमची आहे. आठ दिवस द्या. आठ दिवसांनी तुम्हीच येऊन तिला विचारा. ती नाही म्हणाली तर मी स्वतः गाडीत बसवून देते."

तो मुलीकडे वळला. मुलगी म्हणाली, "दादा, मला परीक्षेला बसायचंय." तो उठला आणि म्हणाला, "आठ दिवस."

दुसऱ्या दिवसापासून बायको घरोघर फिरली. मी आडतीवरून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन बरोबर गेलो. पिशवी धरून मागे उभा राहिलो. सोमवारच्या घरची बाई म्हणाली, "अगबाई, आम्हाला वाटलं बाकीचे घालतात की जेवायला." ती खरी बोलली असेल. पुढच्याच सोमवारी तिनं पोळ्या केल्या आणि मुलीला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. गुरुवारच्या घरी मात्र म्हातारी सासू म्हणाली, "आमच्याकडे सोवळं असतं बाई. देवाला चालायचं नाही."

बायको म्हणाली, "देवाशी मी बोलते. तुम्ही पीठ मळा."

"जीभ फार चालते तुझी."

"हौ, चालते. पायही चालतात. मलकपेठेतून आले, रोज येईन."

ती चार दिवस रोज गेली. पाचव्या दिवशी, गुरुवारी, सासू म्हणाली, "ये बाई, बसव तिला, पण तू जा." सुनेनं वाढलं. रविवारच्या घरी मालकानंच कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "वहिनी, आम्ही मोठ्या घमेंडीत वार घेतला होता. माफ करा." त्यांच्याकडे मग रविवारी वरणभात आणि खोबऱ्याची चटणी.

मंगळवार आणि शुक्रवारच्या घरांनी वार सोडून दिले. कापडवाल्यानं तर शाळेला फळा देतो म्हणून सांगितलं, वार नको. बायको म्हणाली, फळा खाता येत नाही. मंगळवार आमच्या शेजारच्या तेलुगू अम्मानं घेतला. तिचा मराठी शाळेशी काही संबंध नाही. ती दारात येऊन म्हणाली, "मंगलवार मेरेकू देओ. उपास-गिपास नक्को, अन्नं-पप्पू खिलाती." म्हणजे भात आणि डाळ. शुक्रवार हकीमसाहेबांनी मागून घेतला. म्हणाले, "जुम्मा हमारा." मुलीला विचारलं तर ती म्हणाली, कुणाचंही चालेल, पण मटण असेल तर जास्त चालेल. हकीमसाहेब हसून हसून बेजार.

आठव्या दिवशी बाप आला. मुलगी ओट्यावर बसून आमच्या लेकीला गणित समजावत होती. त्यानं एक गणित पुरतं ऐकलं. या वेळी आत आला, पाणी प्यायला, आणि न विचारताच निघून गेला. पुढल्या आठवड्यात तपासणी साहेब आला. पोरं उभी करून मोजली. आठ.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी हेडमास्तर आडतीवर आले, मी काट्यावर होतो. त्यांना दम लागला होता. "आठच्या आठ," ते म्हणाले. आठही पास. आमची लेक काठावर, तेही गणितात, पण पास. आणि ती मुलगी शाळेत पहिली, फर्स्ट क्लासात. आडतीचा शेठ मारवाडी, त्याला मराठी शाळेचं काय, पण त्यानं गूळ वाटला. मी हमालांना सांगत होतो, ती माझ्या घरी राहते. दहा वेळा सांगितलं असेल.

पुढे शाळेच्या अंगणात बक्षीस समारंभ झाला. आठ पोरांना पुस्तकं दिली. खालच्या वर्गांतली पोरंही होती, त्यांच्यासाठीही मॅट्रिकचा वर्ग वाचला होता. मुलीचा बाप पुढल्या ओळीत, धुतलेल्या सदऱ्यात. मग हेडमास्तर म्हणाले, "एका मुलीला सात घरांनी जेवू घातलं, म्हणून हा वर्ग राहिला. मी वार सांगतो, त्या घरच्यांनी उभं राहावं."

सोमवार. त्या घरचा माणूस उभा राहिला, त्याची बायको खालीच बसली. मंगळवार म्हटल्यावर तेलुगू अम्मा उभी राहिली, तिला घरी माणूस नव्हताच. बुधवार हेडमास्तरांचाच, तो गाळून ते पुढे गेले. गुरुवार, सासूचा मुलगा. शुक्रवार, हकीमसाहेब, टोपी सारखी करून. मग शनिवार.

शेजारचे मला कोपरानं ढोसत होते, उठा. मी उठलो नाही. बायकांच्या बाजूला मान वळवून मोठ्यानं म्हणालो, "तू ऊठ."

ती उठेना. पदर डोक्यावरून पुढे ओढून बसली. मी पुन्हा म्हणालो, "तू ऊठ, मी उठणार नाही." सगळं अंगण ऐकत होतं. ती उभी राहिली. पहिल्या नंबराची मुलगी पुस्तक हातात घेऊन तिच्याकडे चालत गेली आणि तिच्या शेजारी उभी राहिली, आणि हेडमास्तर रविवार म्हणायचं विसरले.