गच्चीवरचं आगर

वाशीला खाडीच्या अंगाला एक नवी शाळा होती. आत शिरलं की समोर दिसायची सहा फुटी काचेची पेटी, खाऱ्या पाण्यातल्या जिवंत माशांची, आणि पेटीशेजारी कमरेला पदर खोचून उभी असलेली सगुणा. हेडमास्तरांची खोली त्यानंतर. पाहुणे आधी सगुणाला नमस्कार करायचे, आणि तीही तो आपल्या हक्काचा असल्यासारखा घ्यायची. हजेरीपटावर तिच्या नावापुढे नुसतं 'सफाई' असं लिहिलेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी ते तिला पटलं नसतं.

सगुणा घणसोली गावची. तिचा बाप गोटीराम आगरी, खाडीकाठी बापजाद्यांचं मिठागर राखून असलेला. भरतीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ पिकवायचं. वाफ्याचा तळ अनवाणी पायांनी तुडवून तुडवून असा गुळगुळीत करायचा की पाण्याचा थेंब खाली झिरपू नये. सगुणा चालायला शिकली ती त्या चिखलातच.

गोटीराम भारी कडक माणूस. आगरात पायताण घालून यायचं नाही, हा त्याचा कायदा. मिठाचा व्यापारी असो नाहीतर गावचा पाटील, चपला बांधाबाहेर. "आगर म्हंजे चूल हाय आमची," तो म्हणायचा. "चुलीवर कोन पायतान घालून जातं?" मग सत्तरच्या सुमाराला नव्या शहरासाठी जमिनी घ्यायच्या ठरल्या आणि मोजणीवाले आले. ते बुटांसकट वाफ्यात उतरले. महिनाभर तुडवून केलेल्या तळावर बुटांचे ठसे उठले. गोटीराम घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला आणि पुन्हा आगराकडे फिरकला नाही. दोन वर्षांनी तो गेला. आगरावर लाल मुरूम पडला, आणि सगुणाच्या हाती शाळेतला झाडू आला.

माशांची पेटी ही सुमेधाबाईंची हौस. सुमेधाबाई विज्ञान शिकवायच्या. लग्नानंतर दादर सोडून वाशीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या. खाडीकाठच्या शाळेतल्या पोरांना मासा फक्त ताटात माहीत असावा, हे काही त्यांना बघवेना. एक्याऐंशी साली त्यांनी लोखंडी चौकटीची ही पेटी करून घेतली. तळाला वाळू, वाळूखाली जाळी, कोपऱ्यात हवेचा पंप. उरणजवळच्या मोऱ्याच्या खडकांतून वीस मासे आणले. पुस्तकात लिहिलंच होतं, एवढ्या पाण्यात वीसच्या वर नकोत.

पण पुस्तक पोरांनी कुठं वाचलं होतं? उरण, मोरा, घणसोली, दिवाळं, जिथून म्हणून मूल शाळेत यायचं तिथून डब्यातून, बरणीतून, एकदा तर वॉटरबॅगेतून मासा यायचा. बोयटं आली, निवट्या आल्या, फुगून बसणारा केंड आला, नाव कुणालाच माहीत नसलेले पट्ट्यापट्ट्यांचे मासे आले. एक चिंबोरीही आली. तिनं दोन दिवसांत तीन शेजारी खाल्ले, तेव्हा सगुणानं तिला घरी नेलं आणि तिचं कालवण केलं. तरीही आकडा त्रेसष्टावर गेला. सुमेधाबाईंना कुणालाच नाही म्हणवेना.

"बाय, तुमी मासं मोजू नका," सगुणानं एक दिवस झाडता झाडता थांबून सांगितलं. "ते हगतात किती ते मोजा."

सुमेधाबाई आधी लाजल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पुस्तकानं चाळीस पानांत जे सांगितलं ते हेच. त्या दिवसापासून पेटी सगुणाची झाली. रोज दोन बादल्या जुनं पाणी बाहेर, दोन बादल्या नवं आत. खाणं चिमटीनं, आणि मासे मिटक्या मारायचे थांबले की उरलेलं लगेच गाळणीनं वर. मेलेला मासा पाण्यात घटकाभरही ठेवायचा नाही. मोऱ्याहून आणलेल्या शेवाळी दगडांना कुणी ब्रश लावू पाहिला तर ती अंगावर यायची. "ते दगडच तर घान खातात. त्यांना साबू लावाल तर मासं काय तुमी धुनार?"

पाणी ती जिभेवर घेऊन बघायची. सुमेधाबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांच्याकडे खारेपणा मोजायची काचेची नळी होती. सगुणानं चाखून 'आज पानी जड हाय' म्हणावं आणि नळीनं तेच सांगावं, असं लागोपाठ पाच दिवस झालं, तेव्हा बाईंनी नळी कपाटात ठेवून दिली.

सगळं झकास चाललं होतं, पण पहिल्या पावसाळ्यानं दणका दिला. खाडीचं पाणी गढूळ आणि गोडं झालं, नवं खारं पाणी मिळेना, आणि ऑगस्टपर्यंत पेटी रिकामी झाली. पुढच्या वर्षी पोरांनी ती पुन्हा भरली. सगुणा म्हणाली, या खेपेला काळजी नको. मीठ म्हणजे काय, आटवलेला दर्याच. उरणकडच्या एका आगरातून तिनं स्वच्छ पांढरं मीठ आणलं, नळाच्या पाण्यात विरघळवलं, जिभेला हवं तेवढं खारं केलं. मासे पंधरा दिवस तगले. मग सुस्तावले, रंग उडाले, एकेक करून आडवे झाले. हेडमास्तर देवस्थळी दर सकाळी येताना मेलेल्यांचा आकडा विचारायचे, आणि तो सांगताना सगुणाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मिठावर जन्म काढलेल्या बाईनं मिठानंच मासे मारले होते.

ती चार दिवस धुमसत राहिली. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत सुमेधाबाईंसमोर येऊन उभी राहिली. "बाय, चूक माजी. मीठ उचललं की खाली तांबूस पानी उरतं, कडू जहर. आमी ते खाडीत फेकतो. पिढ्यान् पिढ्या फेकलं. माशांना त्ये पन पायजे. मी त्यांना नुसतं मीठ दिलं, दर्या दिलाच नाय."

देवस्थळी माणूस वाईट नव्हते, पण शाळेत मेलेले मासे त्यांना खपत नव्हते. त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये, पेटी तिसऱ्यांदा भरून आकडा पुन्हा त्रेसष्टावर गेलेला असताना, त्यांनी दोघींना बोलावून स्पष्ट सांगितलं. "नारळी पौर्णिमेपर्यंत मासे जगले तर पेटी राहील. नाहीतर काच काढून तिथं ट्रॉफ्यांचं कपाट ठेवणार." सुमेधाबाईंचा चेहरा उतरला. आगर गेल्यापासून सगुणाला जे येत होतं ते विचारणारं या जगात दुसरं काही उरलं नव्हतं. ही पेटी गेली की ती उरली नुसती झाडूवाली.

हिशेब तिनं मनातच केला. पावसाळा काढायला बारा पिंपं खारं पाणी हवं. शाळेत पिंपं होती चार. म्हणजे पाणी आटवून तिसऱ्या हिश्शावर आणायचं; पण मीठ पडायच्या आत थांबायचं, म्हणजे दर्यातलं सगळं पाण्यातच राहील. पाणी आटवायला आगर लागतं. आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, गच्ची रिकामी असते, ऊन तर फुकटच.

तिनं कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जाड प्लास्टिक अंथरलं, कडेनं विटा लावल्या, वर खाडीची काळी माती पसरली आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ ती एकटीनं तुडवली. तिचा भाऊ देवजी उरणहून टेम्पोनं मासळी घेऊन वाशीला यायचा. त्याच्याकडून तिनं मोऱ्याचं भरतीचं निवळ पाणी मागवलं. पिंपं जिन्यावरून चढवताना देवजी कुरकुरला, "गच्चीवर आगर? लोक हसतील, आक्का."

"हसू दे. तू पिंप धर नीट."

त्या गच्चीवरून तिला लांबवर मुरुमाखाली गेलेली बापाची जागा दिसायची. तिकडे पाठ करून ती पाणी ढवळायची. रोज दुपारी वाफ्यात एक कच्चं अंडं सोडून बघायची. समुद्राच्या पाण्यात अंडं बुडतं. पाणी तिपटीनं खारं झालं की ते वर येतं. बापाची खूण होती ती. पहिल्या खेपेच्या पाण्यात अंडं अकराव्या दिवशी वर आलं. सगुणानं त्याच क्षणी पाणी पिंपात भरून झाकण लावलं. शाळा उघडेपर्यंत चारही पिंपं भरली.

जूनमध्ये देवस्थळींना गच्चीचं कळलं. स्लॅब गळेल, इन्स्पेक्टर येतील, ही शाळा आहे की मिठाचा कारखाना, असं पुष्कळ ते बोलले. सगुणा ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "नारळी पुनव लांब नाय, सर. तवा काय त्ये बोला." देवस्थळींना आपलाच शब्द आडवा आला.

पाऊस लागला. खाडी गोडी झाली. सगुणा एक भाग पिंपातलं आणि दोन भाग गच्चीवर साठवलेलं पावसाचं पाणी मिसळायची, जिभेवर घ्यायची आणि दोन बादल्या पेटीत ओतायची. ज्या पावसानं दोन वर्षं मासे मारले त्यालाच तिनं कामाला लावलं होतं. जुलैत एकदा भरदुपारी वीज गेली, पंप बंद पडला, आणि एवढ्या दाटीत मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. सगुणानं बादलीतला प्लास्टिकचा मग उचलला, पेटीतलं पाणी घेऊन हातभर उंचीवरून परत पेटीत सोडायला लागली. तास बदलत गेले, शिक्षक बदलत गेले, सुमेधाबाई दोनदा म्हणाल्या आता मी करते. तिनं हातातला मग सोडला नाही. साडेचारला पंप पुन्हा घुरघुरला, तेव्हा तिचा खांदा वर होत नव्हता आणि मासा एकही मेला नव्हता.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी देवस्थळी चष्मा पुसत पेटीपुढं उभे राहिले. त्यांनी मोजायला सुरुवात केली, सतराला चुकले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकले. "सगळे आहेत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"चौसष्ट," सगुणा म्हणाली. "कुनीतरी काल आनखी एक सोडला. मना म्हायीत हाय कोनी. नाव नाय सांगनार."

देवस्थळींना हसू आवरेना. मग म्हणाले, "ते तुमचं आगर बघू द्या एकदा."

सुमेधाबाईही आल्या; तिघं जिना चढली. सगुणा पुढं, अनवाणी, तिच्या मनात एकच चिंता: पावसानं बांध खचलाय, सरांना नुसता चिखल दिसेल. गच्चीच्या दारातून ती आत गेली, पावसासाठी वाफ्यावर झाकलेलं प्लास्टिक बाजूला केलं आणि मागे वळली. देवस्थळी आले नव्हते. ते दारातच भिंतीला हात टेकून एका पायावर उभे होते आणि बुटाची नाडी सोडत होते. एक बूट काढला, दुसरा काढला, मोजे बुटांत खोचले.

बापाच्या कायद्याचं सगुणानं त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं; सांगितलं होतं ते एकट्या सुमेधाबाईंना. तिनं सुमेधाबाईंकडे पाहिलं. बाईंच्या चपला आधीच दाराबाहेर होत्या.

देवस्थळी पँट किंचित वर ओढून ओल्या गच्चीवरून जपून चालत आले आणि बांधाशी थांबले. "आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

एवढं धीराचं ते बाईमाणूस. पण तिनं डोळ्यांना पदर लावला आणि मान हलवली. मग म्हणाली, "या, सर. पुढच्या सालाला दोन वाफं लागतील मना."

"घ्या," देवस्थळी म्हणाले, आणि पाऊल आत टाकलं.