अर्ज मी सोडलेला नाही

"बाई, जरा वळून दाखवा. आता पाठ दाखवा."

परभणीच्या प्रदर्शनात, भरल्या मंडपात, सर मला माइकवरून सांगत होते. माझ्या अंगावर मीच शिवलेली कापूस वेचायची पिशवी. मी वळले. पाठ दाखवली. बाजारात म्हशीभोवती गिऱ्हाईक फिरतं तसे पाहुणे माझ्याभोवती फिरले. एकानं पिशवीची दोरी ओढून पाहिली. मला न विचारता. मग म्हणाला, "कल्पना कुणाची?"

सर म्हणाले, "कल्पना आमच्या संस्थेची. शिवलंय ह्या बाईनं."

टाळ्या पडल्या. सांगायला लाज वाटते, पण टाळ्या मीही वाजवल्या.

कल्पना कुणाची ते आता सांगते. जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव. दहा वर्षांची होते तेव्हापासून कापूस वेचते. कमरेला ओटी बांधायची, भरली की कंबर तुटायला येते. तासाच्या, म्हणजे कपाशीच्या ओळीच्या, टोकाला जाऊन गाठ सोडायची, ओतायचं, परत बांधायची. त्यात कवडी, म्हणजे डागी पिवळा कापूस, वेगळा ठेवायचा. मिसळला की मालकाच्या शिव्या. घरात शिलाई मशीन होती. दोन हंगाम डोकं लावलं. ओझं कमरेवरून काढून खांद्यावर घेतलं. तोंड उघडं राहावं म्हणून जुन्या बादलीची कडी शिवली. आत कवडीचा वेगळा कप्पा. तळाला दोन दोऱ्या, ओढल्या की न वाकता पिशवी रिकामी. वस्तीवरच्या बायांनी वापरली, नावं ठेवली, मी उसवली, परत शिवली. सहाव्या पिशवीला कुणी नाव ठेवलं नाही.

सर शिबिरासाठी गावात आले होते. परभणीत त्यांची संस्था. पेटंट हा शब्द त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. "तुझ्या नावानं अर्ज करू," म्हणाले, आणि केला. ते खरं आहे, नाकारत नाही. फॉर्म भरताना त्यांनी पत्रव्यवहाराचा पत्ता विचारला. मी म्हणाले, "तुमचाच टाका सर. आमच्याकडं कागद नीट येत न्हाई."

मीच म्हणाले. त्यांनी जबरदस्ती केली नाही.

आमच्या वस्तीचा कागद कधी वस्तीवर आलाच नाही. आज्याचा, बापाचा, सगळा पाटलांच्या ओसरीवर. मोठ्या घरचा पत्ता दिला तरच कागद पोचतो, हे आमच्या हाडात मुरलेलं. बाप ओसरीखाली उभा राहून विचारायचा, "मालक, आमचं काही आलंय का?" आलेलं असलं तरी पाटील सवडीनं द्यायचे. मी दहावी शिकले. सही झोकात करते. आणि एवढं करून त्याच ओसरीखाली जाऊन उभी राहिले, आपल्या पायानं.

मग फोन करत राहिले. सर म्हणायचे, "मोठ्या दप्तरातलं काम आहे, घाई करू नकोस." मी घाई केली नाही. एक दिवस जिंतूरच्या बाजारात एका दुकानाबाहेर माझी पिशवी टांगलेली दिसली. नायलॉनची. दोन कप्पे, दोन दोऱ्या. वर संस्थेचा शिक्का.

माझी भाची पूर्णेला कॉलेजात शिकते. तिनं मोबाइलवर सरकारी वेबसाइट उघडली आणि माझा अर्ज शोधला.

"मावशी, तुझा अर्ज बंद झालाय."

"कुणी केला बंद?"

"तूच. अर्जदारानं अर्ज सोडून दिला असं मानलंय, असं लिवलंय हितं."

पेटंटच्या ऑफिसातून हरकतीचं पत्र निघालं होतं. उत्तराला सहा महिने होते. ते कधीच संपले होते. भाचीनं वेबसाइटवरच ते पत्र वाचून मराठीत सांगितलं. मुख्य प्रश्न एकच. साध्या पिशवीपेक्षा हिच्यात वेगळं काय? ह्याचं उत्तर मी हातातलं बोंड न टाकता दिलं असतं. सहा महिने कशाला, मला सहा मिनिटं पुरली असती. संताप संताप झाला.

दुसऱ्या दिवशी सरांच्या ऑफिसात गेले. टेबलासमोर खुर्ची रिकामी होती. बस म्हणाले नाहीत. मी उभीच.

"पत्र आलतं का सर?"

"आलं होतं."

"मला का न्हाई दिलं?"

सर हसले. रागावले असते तरी चाललं असतं. "तुला काय कळणार होतं त्यातलं? इंग्रजी होतं. आणि पत्ता माझा टाका, हे तूच म्हणाली होतीस."

लागलं. कारण शेवटचं खरं होतं.

मग त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. उच्च न्यायालयात याचिका करू, अर्ज पुन्हा सुरू करून घेऊ, म्हणाले. त्यासाठी माझं प्रतिज्ञापत्र. "मी अशिक्षित मजूर आहे. पत्र मला मिळाले होते, परंतु अज्ञानामुळे मी उत्तर दिले नाही. यापुढे संस्था सहअर्जदार राहील."

"सही कर. कोर्टाला गरिबाची दया येते."

मी पेन घेतला. सही करणारच होते. काहीही करून अर्ज जगला पाहिजे, एवढंच डोक्यात. पण 'अशिक्षित' हा शब्द मी वाचला. वाचता येतो म्हणून वाचला. मग पुढचंही वाचलं. पेन खाली ठेवला. खुर्ची ओढली आणि बसले.

"सर, मला वाचता येतंय. आन् पत्र मला मिळालं न्हाई. तुमी दोन्ही खोटं लिवलंय."

"मग अर्ज मेला असं समज."

"मरू द्या. पर माझ्या सहीनं न्हाई."

जिना उतरले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. जिंतूरपर्यंत एसटीत पदर तोंडात धरून रडले. आपल्याच हातानं घालवलं, असं वाटत होतं.

भाचीनं परभणीत एक वकीलबाई शोधली. त्यांनी गोड बोलून फसवलं नाही. म्हणाल्या, "ताई, असा बंद झालेला अर्ज पुन्हा उठवणं अवघड असतं. तुम्हाला तो सोडायचा नव्हता, हे दाखवावं लागेल. सर तुमच्या बाजूनं लिहून देणार नाहीत. आणि पत्ता तुम्हीच दिला होता, हे ते सांगणारच."

"मग आपुनच आधी सांगू. लिवा, पत्ता मी दिला, ते माझं चुकलं. आन् लिवा, पत्र माझ्यापासून दडवलं. मी अर्ज सोडलेला न्हाई."

त्यांनी तसंच लिहिलं. मी प्रत्येक पान वाचून सही केली. हरकतीचं उत्तरही लिहून जोडलं, चित्रं काढून. भाचीनं त्याचं इंग्रजी केलं.

आता उच्च न्यायालयात तारखा पडतायत. काय होईल, माहीत नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. सरांचा दोनदा निरोप आला, ये, मिटवून टाकू. मी गेले नाही. जाणार नाही. अर्ज जगला तर एकट्या माझ्या नावानं जगेल. मेला, तर त्याच्या मरणाचा कागद माझ्या हातात द्यावा लागेल, आणि तो मी स्वतः वाचणार.