आप्पांचे जेवण

उंदराला माझ्या रूममेटइतक्या इतमामाने गोठवून ठेवणारा माणूस साऱ्या अमेरिकेत दुसरा नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं मॅसॅच्युसेट्समध्ये शिकत होतो. मी इंजिनिअरिंगच्या नावाखाली दिवस ढकलत होतो आणि तो जीवशास्त्रात पीएच.डी. करत होता. सांगलीकडचा, उंच, हडकुळा, अंड्याच्या नुसत्या वासाने कासावीस होणारा कट्टर शाकाहारी. दुकानातून केक आणला की चष्मा कपाळावर चढवून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायचा, उसासा टाकायचा आणि अख्खा केक माझ्याकडे सरकवायचा. अशा माणसाने साप पाळला होता. नारिंगी, बिनविषारी, काचेच्या पेटीत वेटोळं घालून दिवसभर काहीही न करणारा. त्याचं नाव आप्पा, आणि त्याला एकेरीत बोललेलं माझ्या रूममेटला खपत नसे. "आप्पांनी कात टाकलीय, आज जरा गप्प आहेत," असं तो सकाळी सांगायचा. मीही मग नकळत रेडिओचा आवाज कमी करायचो.

आप्पा दर आठवड्याला एक उंदीर जेवत. हे पांढरे उंदीर त्याला डिपार्टमेंटमधून गोठवलेलेच मिळत, आणि आमच्या घरात फ्रिज एकच. माझ्या आजोळी सोवळ्यातला स्वयंपाक मी पाहिलाय, पण याच्यापुढे ते सोवळं म्हणजे खानावळ. प्रत्येक उंदीर स्वतंत्र पिशवीत, पिशवीतली हवा दाबून काढलेली, वर तारीख. सगळ्या पिशव्या एका डब्यात आणि डबा फ्रीझरच्या तळाशी, "म्हणजे काही गळलं तरी आपल्या अन्नावर नको." चिमटा वेगळा, पातेली वेगळी, हात पुसायचा पंचासुद्धा वेगळा. उंदीर आदल्या दिवशी खालच्या कप्प्यात उतरवायचा, मग पिशवीसकट कोमट पाण्यात बसवायचा. मायक्रोवेव्हचं नुसतं नाव काढलं तरी तो कानांवर हात ठेवायचा. एकदा घाईत मी त्या पातेलीत चहा टाकला. त्याने उकळता चहा सिंकमध्ये ओतला, मला साबणाने हात धुवायला लावले आणि शेजारी उभा राहून वीसपर्यंत आकडे मोजले. मला गहिवरूनच आलं. म्हटलं, माझ्या तब्येतीची केवढी काळजी! तर म्हणाला, "तुझं ठीक आहे रे. पण आप्पांना चहाचा वास चालत नाही."

अमेरिकेतल्या मराठी घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम सोडून सगळं काही सापडतं. आमच्याकडेही व्हॅनिलाचे दोन रिकामे डबे होते, एकाच आईची लेकरं असावीत असे. एकाच्या झाकणावर त्याने वळणदार अक्षरात लिहिलं होतं 'आप्पांचे जेवण'. दुसऱ्याच्या झाकणावर गणपतीच्या आठवड्यात लिहिलं, 'नैवेद्य'.

नैवेद्य श्रूजबरी या जवळच्या गावातल्या काकूंसाठी होता. काकू तशा आमच्या कोणी लागत नव्हत्या, पण दर रविवारी आम्हाला जेवायला बोलवत. वरणभात, बटाट्याची भाजी आणि वर "किती रे वाळलात!" माझ्या रूममेटची आई तो शाळेत असतानाच गेली होती. काकूंच्या घरी तो पानावर बसला की वाढणाऱ्या हाताकडे बघत राहायचा, ते मला दिसायचं. त्या वर्षी काकूंच्या गणपतीला मोदकांसाठी ओला नारळ खवून आणायचं काम त्याने मागून घेतलं. एका रविवारी सहा नारळ खवले, खोबरं डब्यात भरलं आणि आप्पांच्या जेवणापासून वीतभर अंतरावर, वरच्या कप्प्यात विराजमान केलं.

आता खरं सांगतो. चतुर्थीच्या आदल्या दुपारी मला खोबरं-साखर खायची अनावर इच्छा झाली. दोन्ही डबे ओट्यावर काढले, दोन्ही उघडले, एकातले बारा उंदीर बघून दचकलो आणि दुसऱ्यातल्या खोबऱ्यावर ताव मारला. तेवढ्यात दारात किल्ली वाजली. साखरेच्या हातांनी मी झाकणं दाबली आणि डबे आत ढकलले. कुठलं झाकण कुठे बसलं, ते बघायला सवड होती कुणाला?

दुसऱ्या दिवशी 'नैवेद्य' लिहिलेला डबा वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर घेऊन तो माझ्या गाडीत बसला. लेबल वाचलं की आत काय आहे ते बघायची त्याला कधीच गरज वाटत नसे. काकूंनी स्वयंपाकघरात कौतुकाने झाकण उघडलं. आत बारा पांढरे उंदीर, ओळीने, तारखांसकट. काकूंची किंकाळी बाहेरच्या खोलीत आरतीची तयारी करणाऱ्या मंडळींपर्यंत पोचली. त्यांची आठ वर्षांची लेक धावत आली, तिने डब्यात बघितलं आणि आनंदाने ओरडली, "ओ माय गॉड, आई! बाप्पाज माउस! देअर आर ट्वेल्व्ह!" सगळे थिजून उभे असताना माझा रूममेट एवढंच म्हणाला, "काकू, आधी झाकण लावा. वितळले तर परत गोठवता येत नाहीत."

हे म्हणायची ती वेळ नव्हती.

"सणाच्या दिवशी ही थट्टा?" काकूंनी डबा त्याच्याकडे ढकलला. "परत या घरात पाऊल टाकू नकोस!" त्याने झाकणाच्या आतल्या बाजूकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. मी गणपतीकडे पाहिलं. "चूक माझीच, काकू," असं म्हणून तो डबा घेऊन बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला. बाप्पाने त्या वर्षी सुक्या खोबऱ्याचे मोदक खाल्ले. मीही खाल्ले, सांगायला लाज वाटते, पण अकरा खाल्ले.

पुढच्या दोन रविवारी मी एकटाच श्रूजबरीला गेलो. तो घरी आप्पांच्या पेटीसमोर खुर्ची ओढून खिचडी खायचा. आज सांगून टाकू, असं मी प्रत्येक वेळी ठरवायचो आणि प्रत्येक वेळी काकू आधी वाढायला घ्यायच्या.

मग समुद्रावरून वादळ आलं, झाडं पडली, सगळीकडची वीज गेली. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. त्या रडत होत्या. त्यांच्या गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये त्यांच्या आईने केलेल्या चार पुरणपोळ्या होत्या. आई भारतातून येऊन परत गेली आणि सहा महिन्यांत वारली. त्या पोळ्या खायचा धीर कुणाला झाला नव्हता. फोन मी उचलला होता, पण काकू म्हणाल्या, "त्याला दे."

त्याने नीट ऐकून घेतलं. "काकू, फ्रीझर उघडू नका. अजिबात उघडू नका. मी येतो." आपल्या उंदरांसाठी त्याने सकाळीच डिपार्टमेंटमधून ड्राय आइस मिळवला होता, गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडची ढोकळ्याच्या ताटाएवढी एक लादी. ती त्याने आमच्या फ्रीझरमधून काढली आणि हातमोजे घालून खोक्यात भरली.

"अरे, आप्पांचं काय?" मी विचारलं.

"आप्पा महिनाभर उपाशी राहू शकतात. काकूंची आई काही परत पोळ्या करायला यायची नाही."

काकूंच्या गॅरेजमध्ये त्याने फ्रीझरचं झाकण एकदाच उघडलं, लादी ठेवली, वरून गोधड्या घातल्या आणि चिकटपट्टीवर लिहिलं, 'उघडू नये'. गॅरेजचं दार मात्र हवेसाठी सताड उघडं ठेवलं. पोळ्या वाचल्या. आमचे सगळे उंदीर वितळले, आणि त्याने ते पिशव्यांसकट, तारखांसकट, मान खाली घालून टाकून दिले. पुढच्या रविवारी ते कळल्यावर काकूंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "आमच्या फ्रीझरमध्ये डाव्या कोपऱ्यात खाली तुझी जागा. आणि हे बघ, झाकणावर नाही, डब्यावर लिहायचं." मार्कर आणून त्यांनी एका रिकाम्या डब्यावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं, 'आप्पांचे जेवण'.

परतताना गाडीत मी सगळं कबूल केलं. तो खिडकीबाहेर पडलेली झाडं बघत होता.

"ठाऊक आहे. झाकणाला साखर चिकटली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"मला घरी आप्पा तरी होते," तो म्हणाला. "रविवारी तू कुठे जेवला असतास?"

पीएच.डी. झाल्यावर तो ॲरिझोनाला गेला. वाटेत आप्पांना ऊन लागू नये म्हणून म्हणे सगळा प्रवास पहाटेच उरकायचा. काकूंचं घर अजून श्रूजबरीलाच आहे. परवा त्यांच्या फ्रीझरमधून मटार काढायला वाकलो, तर डावा कोपरा रिकामा होता. सगळा फ्रीझर ठासून भरलेला, आणि तेवढी एका डब्याएवढी जागा रिकामी. मी मटार काढले आणि झाकण हळूच लावलं.